रुसलेल्या शब्दांचा धवला

इंग्रजी भाषेविरुद्ध लेखी तक्रार करायची, एवढे प्रभाकर सोवनींनी त्या सकाळी नक्की केले. अडचण एकच होती. ती कोणत्या खात्याकडे करायची, हे त्यांना कळेना.

डोंबिवलीच्या त्या चाळीच्या ओसरीवर त्यांची साडेसहा वर्षांची हेमा मांडी घालून बसली होती आणि पुस्तकातल्या सुरीच्या चित्राखालचा शब्द, भुईमुगाची शेंग सोलावी तसा, बोटाने सोलत होती.

"क्... न्... ई... फ्... ए. बाबा, क्नीफे."

"नाइफ," प्रभाकर म्हणाले.

"मग हा क् कशाला?"

"तो आहे."

"पण बोलत नाही?"

"नाही."

"मग बसलाय कशाला तिथं?"

प्रश्न रास्त होता. प्रभाकरांच्या सरकारी कचेरीत तिसऱ्या टेबलावर असाच एक गृहस्थ होता. साडेदहाला मस्टरवर सही करायची, कोट खुर्चीला अडकवायचा आणि पाचपर्यंत कुठेतरी अंतर्धान पावायचे. पण त्याच्याविषयी निदान वर लिहिता तरी येत होते. या शब्दाच्या दारात बसलेल्या आळशी अक्षराचे वरिष्ठ कोण? विलायतेत पत्र टाकायचे?

हे सारे ओढवले ते श्रावणातल्या सत्यनारायणाला. प्रभाकरांची बायको सुमती हिचे थोरले भाऊ त्र्यंबकराव दादरहून आले होते. फोर्टातल्या साहेबी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. अंगावर कडक इस्त्री, बोलण्यात त्याहून कडक. घरात नवराबायको दोघेच, मूलबाळ नाही. तळहातावर प्रसादाचा शिरा घेऊन, शिऱ्याकडेच बघत ते म्हणाले, "सरकारनं इंग्रजी आठवीवर नेऊन ठेवलंय. तोवर ही पोर काय करणार? सड्यावर ठिपके मोजणार? आमच्याकडे द्या तिला. घराशेजारी कॉन्व्हेंट आहे. मामी आहे. शिकून शहाणी होईल."

चारचौघांत, तेही आपल्याच घरच्या शिऱ्यावर ताव मारत! प्रभाकरांची कानशिले तापली.

"आठवीपर्यंत थांबायला आम्ही काय अडाणी आहोत? भाऊबीजेला या. हेमा तुम्हांला इंग्रजी पुस्तक वाचून दाखवील."

"आणि नाही दाखवलं तर?"

"तर न्या!"

तो 'न्या' तोंडातून निसटला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. परत बोलावता येईना. स्वयंपाकघरात सुमतीच्या हातातली पळी थांबली. त्या दिवसापासून तिने नवऱ्याशी कामापुरतेच बोलायचे ठरवले, आणि काम फारसे निघेना.

तरी सुरुवात झोकात झाली होती. फोर्टातल्या फुटपाथवर प्रभाकरांना मुखपृष्ठ हरवलेले एक विलायती पुस्तक मिळाले होते. त्यात नादपद्धती होती. अक्षराचे नाव घ्यायचेच नाही; त्याचा आवाज करायचा. 'बी' नाही, ब्. 'टी' नाही, ट्. प्रभाकरांना वाटले, अरे, ही तर आपली बाराखडीच की विलायतेच्या बोटीतून आलेली! तीन आठवड्यांत हेमा मांजर, कोंबडी, टाचणी, कुत्रा ही सारी इंग्रजी चित्रे घडाघड वाचू लागली. प्रभाकर मिशीतल्या मिशीत हसू लागले. आणि चौथ्या आठवड्यात, भातखाचरात चालता चालता पाय रुतावा तसे, ते शब्द आले. 'वन'ला हेमा 'ओने' म्हणाली. 'सेड'ला 'सा-इड' म्हणाली. आणि मग ती सुरी.

चाळीत कोणाच्या घरी काही अडले की सल्ले मुंग्यांसारखे रांगेने येतात. पहिला सल्ला शेजारच्या भाऊ गोगट्यांचा. भाऊ रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. अजूनही गाडीची शिटी ऐकली की घड्याळ काढून बघत आणि गाडी उशिरा असली तर स्वतः शरमत.

"प्रभाकर, न ऐकणाऱ्या शब्दाला एकच उपाय. फूटपट्टी. आडवी नाही, उभी."

"कोणाला मारू, भाऊ? शब्दाला?"

"पोरीला रे! शब्दाला मारून काय उपयोग?"

भाऊंच्या सौभाग्यवतींनी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितले. ते लावल्यावर हेमा दिवसभर मराठीही बोलेना. तिसऱ्या खोलीतल्या काकूंना वाटले, एकट्या पोरीचे मन लागत नसेल. सोबतीला पोरे हवीत. म्हणून त्यांनी आपली दोन पाठवली. मग भाऊंचे नातू आले. मग चाळीची मालकीण सगुणाबाय हिची नात शालू आली. दसऱ्याला महिना असताना प्रभाकरांच्या ओसरीवर अकरा मुले बसू लागली. कोणाला नको म्हणायचे? आणि खरे सांगायचे तर अकरा तोंडे आपल्याकडे टकमक बघताहेत, हे सुख त्यांनी कचेरीत कधी चाखले नव्हते.

रोज सकाळी सातला अकरा कोवळे गळे एका सुरात, "ख्! ख्! ह्! ह्! फ्! फ्!" असा घोष करीत. तो घोष विहिरीपलीकडच्या आळीत पोचला, आणि कोणा परोपकारी माणसाने कल्याणला कळवले की इथे डांग्या खोकल्याची साथ आहे.

तिथला देवी टोचणारा देवीडॉक्टर सायकलवरून आला. त्याने अकरा जणांच्या घशात चमचा घातला. अकराही घसे गुलाबाच्या पाकळीसारखे निरोगी. "खोकला कुठाय?" तो रागाने म्हणाला.

"खोकला नाही, इंग्रजी आहे," प्रभाकर त्याहून रागाने म्हणाले.

पण माणूस सरकारी. चार-पाच मैल सायकल हाणून आलेला. 'काही आढळले नाही' असे लिहिले तर फेरी फुकट गेल्यासारखी दिसणार. त्याने अहवालात लिहिले, 'रोग आढळला नाही. शाळा आढळली.'

झाले! आठवड्याभरात तो कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला आणि शिक्षणाकडचे एक साहेब छत्री आणि टेप घेऊन अवतरले. त्यांनी आधी ओसरी मोजली.

"क्रीडांगण?"

"मुलं खेळायला शेतात जातात."

"शेत शाळेच्या मालकीचं आहे?"

"शाळाच नाही हो ही!"

"असं कसं? अहवालात आढळली आहे." साहेबांनी चष्मा पुसला. "बरं, विषय कोणता?"

"इंग्रजी."

टेप आपोआप गुंडाळली गेली. "आठवीच्या आधी?" साहेब हलक्या आवाजात म्हणाले, जणू प्रभाकरांनी ओसरीवर दारूची भट्टी लावली होती. "आणि तुम्ही स्वतः सरकारी नोकर? वरिष्ठांची परवानगी?"

साहेब मनाने वाईट नव्हते. ते म्हणाले, "हे बघा, स्वतःच्या मुलीला खुशाल शिकवा, बापाला कोण अडवणार? बाकीच्या दहांना शिकवणार नाही, एवढं लिहून द्या. प्रकरण इथंच संपवतो."

इथे त्या शहाण्या माणसाने दोन ओळी खरडून द्यायच्या की नाही? पण प्रभाकरांचा स्वाभिमान दुखावला होता, आणि दुखावलेल्या कारकुनाच्या हाती टाक आला की तो अर्धवट काही लिहीत नाही. बारा वर्षांचे कसब पणाला लावून त्यांनी मसुदा केला: 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, यापुढे मी माझ्या राहत्या जागेत वा अन्यत्र, स्वतः वा दुसऱ्याकरवी, कोणत्याही बालकास, मग ते माझ्या नात्याचे असो वा नसो, पाटी, फळा, खडू, वही वा पुस्तक यांच्या साहाय्याने इंग्रजी शिकवणार नाही.'

साहेबांनी तो दोनदा वाचला. "वा! काय मसुदा आहे! कुठे बोट घालायला जागा नाही. आमच्या कचेरीत असा एक माणूस असता तर!" प्रभाकर प्रसन्न होऊन हसले. श्रावणानंतर प्रथमच कोणी त्यांच्या बुद्धीची कदर केली होती.

साहेब गेल्यावर सुमती दारात आली. तिने नक्कल वाचली.

"'नात्याचे असो वा नसो' म्हणजे काय हो?"

"म्हणजे सर्वसमावेशक."

"म्हणजे हेमासुद्धा?"

विहिरीचा रहाट तेवढा कुरकुरला.

"सही करण्यापूर्वी वाचलंत तरी का?"

"वाचलंत काय? मीच लिहिलंय!" प्रभाकर ओरडले. आणि मग, फार खालच्या आवाजात, "सही केलीय, सुमती. सही."

सही म्हणजे सही. सोवनींच्या घराण्यात कोणी केलेली सही मोडली नव्हती. फळा माळ्यावर गेला, पाट्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, विलायती पुस्तक देव्हाऱ्यामागे गेले. भाऊबीज पाच आठवड्यांवर आली होती. हेमा दादरला गेली तर ही ओसरी कशी दिसेल, हे प्रभाकरांना बघायचे नव्हते; पण कचेरीतून आले की ते नेमके तिकडेच बघत बसत. एकदा हेमाने विचारले, "बाबा, मामाकडे गेल्यावर माझी वेणी कोण घालणार?" त्यावर ते एवढे भडकले की तिला कळेना, वेणीत वाईट काय आहे. आईवेगळी वेणी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना, हे त्या पोरीला कोण सांगणार?

हे सगळे सगुणाबाय आपल्या पडवीतून सुपात तांदूळ पाखडत बघत होती. सगुणाबाय आगऱ्यांची, सासऱ्याची मिठागरे, दिराची भातशेती, आणि तिची स्वतःची ही आठ खोल्यांची चाळ. अक्षर एक येत नव्हते. पण पंचक्रोशीत ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणणारी बाई आल्याशिवाय हळद लागत नाही; आणि सगुणाबाय एकदा गाऊ लागली की गणगोत, देव, खाडी, मीठ, वरमाय, करवली, सारे आपापल्या ओवीतून चालत मांडवात येत. रात्रभर पुरतील एवढ्या ओव्या तिच्या ओटीत होत्या.

"परभाकर भाऊ," ती एका सकाळी म्हणाली, "पोरांचा त्यो धापा टाकन्याचा खेल बंद क केला?"

प्रभाकरांनी तिला सगळे सांगितले. सांगता सांगता त्यांचा आवाज चढत गेला. इंग्रजी भाषा, साहेब, देवीडॉक्टर, न बोलणारे अक्षर, सर्वांचा उद्धार झाला. "नियमाने चालणारे शब्द पोरीला येतात हो, सगुणाबाई. पण हे एकेचाळीस आहेत मेले, ज्यांना नियमच नाही! आवाज एक, लिहिणं दुसरं. काय करावं माणसानं?"

सगुणाबायने सूप खाली ठेवले. "येक सांगा मना. लगनात सगली सोयरी येका हाकंला येतान क? धा येतान. दोघं रुसून बसतान. मंग त्या रुसल्यांना नेम दाखवून आनतान क? त्यांना गाऊन आनाचा. नाव घेवाचा, मान देवाचा, पाट टाकाचा. येतान गपगुमान."

"अहो, ते सोयरे. हे शब्द आहेत. शास्त्र आहे हे!"

"आसंल तुमचा शास्तर. पन रुसलाय नं त्यो?"

या प्रश्नाला नादपद्धतीत उत्तर नव्हते.

"आणि मी लिहून दिलंय. पाटी नाही, फळा नाही."

"तांदलाच्या पिठाचा लिवलंय क त्यान?"

प्रभाकरांनी मनातल्या मनात मसुदा वाचला. पाटी, फळा, खडू, वही, पुस्तक. तांदळाचे पीठ नव्हते. ज्यात बोट घालायला जागा नाही म्हणून साहेबांनी वाखाणले, त्यात एका निरक्षर बाईने अख्खा हात घातला होता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण मसुदा करणाराच्या काळजाला ते लागलेच.

दुसऱ्या दिवसापासून सगुणाबायच्या शेणाने सारवलेल्या अंगणात शाळा भरू लागली. शाळा म्हणायचे नाही, चौक म्हणायचे. हळदीला जसा पिठाचा चौक लिहितात तसा चौकोन. त्यात प्रभाकर उकिडवे बसून चिमटीतून पीठ सोडत एक रुसका शब्द लिहीत, आवाज सांगत आणि बाजूला होत. मग सगुणाबाय डोळे मिटे. पहिल्यांदा नमन:

*आधी नमन धरतरीला, मंग खाडीच्या वाऱ्याला,*
*मिठाच्या गो राशीला, चंदराला नि ताऱ्याला.*

आणि मग त्या त्या दिवसाचा पाहुणा; सुरीचा शब्द आला त्या दिवशी:

*मांडवाच्या दारी गो, मुका पाव्हना आला,*
*बोलं ना चालं ना गो, पयला पाट त्याला.*
*त्याच्या मागं चार जनं, नाइफ त्यांचा नाव,*
*मुक्याला नको हसू गो, त्याचाबी हाय गाव.*

अकरा मुले त्या अक्षरांभोवती फिरत, ओवी म्हणत, आणि न बोलणाऱ्या अक्षरावर एकेक अक्षत टाकत. खाडीवरून खारा वारा येई आणि शब्दाच्या कडा हळूच पुसून नेई. प्रभाकर कडेला उभे राहून चडफडत. विलायतेच्या विद्वानांनी पिंजून काढलेली पद्धती, आणि तिचे हे असे लग्न लावायचे? "हे वाचन नव्हे," ते सुमतीला म्हणाले. सुमती म्हणाली, "पीठ संपलंय, दळून आणा." बोलणे सुरू झाले होते, एवढे मात्र खरे.

आणि शब्द येऊ लागले. रोज एक, कधी दोन. गावात लोक प्रभाकरांना विचारू लागले, "सगुणाबायच्या चौकात आमच्याही पोराला घ्याल का?" सगुणाबायच्या! प्रभाकरांनी तीनदा खुलासा केला की पद्धती मूळची आपली आहे. लोक "हो का?" म्हणत आणि सगुणाबायला शोधायला जात.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. धवल्याला क्रम असतो, आणि धवला मधून सुरू होत नाही. आणखी एक: सुरू केलेला धवला अर्धा सोडायचा नसतो. अर्धा सोडला तर तो ज्याच्या नावाने म्हटला त्याला बाधतो.

भाऊबीज उजाडली. त्र्यंबकराव आले, मामी आल्या, आणि त्यांच्यामागून हमालाच्या डोक्यावर नवी कोरी पत्र्याची ट्रंक आली. तिच्यावर हेमाचे नाव रंगवलेले होते. प्रभाकरांनी ती ट्रंक पाहिली. निकाल लागण्याआधीच वॉरंट घेऊन आला हा माणूस!

"आधी परीक्षा, मग ओवाळणी," त्र्यंबकराव पाटावर बसत म्हणाले. पाटाभोवती सुमतीने सुरेख रांगोळी काढली होती. त्यांनी पिशवीतून चकचकीत इंग्रजी पुस्तक काढले आणि मधलेच पान उघडले. "हं, वाच बेटा."

हेमाने पुस्तक घेतले, जमिनीवर ठेवले आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"हे काय? हातात धरून वाच."

"पाव्हण्याला हातात कसं धरणार?" हेमा म्हणाली आणि वाचू लागली. मांजर आले, पेटी आली, माणूस आला. दोन ओळी सरसर गेल्या. तिसऱ्या ओळीत बोट थांबले. सुरी. पोरीने वर पाहिले, खाली पाहिले, हात जोडले, डोळे मिटले.

"आधी नमन धरतरीला, मंग खाडीच्या वाऱ्याला..."

"हे काय आता?" त्र्यंबकराव दचकले.

"ती शब्दाकडे निघालीय," प्रभाकर घाईने म्हणाले. "येईल. सतराव्या ओवीत आहे तो."

"सतराव्या?"

हेमाचा आवाज अंगणात गेला. तिकडे शालू फराळाचा लाडू खात होती. तिने तिथूनच दुसरी ओळ उचलली. मग भाऊंचे नातू, मग काकूंची दोन. बघता बघता दहा मुले गात गात दारातून आत आली आणि पाटाभोवती फिरू लागली. सगुणाबायच्या कानावर धवला पडला आणि तिला वाटले, आपल्यावाचून हळद कोणाची? ती हळदीची वाटी घेऊनच धावली. पाहते तो रांगोळीच्या चौकात, पाटावर, नटूनथटून एक पुरुष बसलेला.

"आगो बाई, नवरा बसलाय क! आनि हलद कोन लावनार, त्याची मावशी?"

"ओ बाई! मी परीक्षक आहे!" त्र्यंबकराव उठू लागले.

"उठाचा नाय!" सगुणाबायने त्यांना खांदा धरून खाली बसवले. "धवला चालू हाय. मदी उठला त तुमालाच बाधंल." आणि तिने दोन्ही हातांनी त्यांच्या कानशिलांना, गळ्याला, परीटघडीच्या शर्टाला हळद फासली.

"प्रभाकर! थांबवा हे!"

"थांबवता येत नाही," प्रभाकर म्हणाले. आजवर या धवल्यावर ते इतके संतापले होते. पण आता मेहुण्याच्या पिवळ्या कानांकडे बघताना त्यांना त्या परंपरेविषयी अपार आदर वाटू लागला.

सतरावी ओवी आली. हेमाने डोळे उघडले, बोट शब्दावर ठेवले आणि ठणकावून म्हणाली, "नाइफ!" पण धवला पुढे चालूच राहिला. एकेचाळीस पाहुणे एकामागून एक मांडवात येत गेले. तिसाव्या ओवीला कोपऱ्यात बसलेल्या मामींनी टाळी धरली. त्या खुदकन हसल्या आणि त्र्यंबकराव हळदीसकट थबकले. बायकोला हसताना त्यांनी किती दिवसांनी पाहिले होते कोण जाणे.

धवला संपला. मग हेमाने उरलेले पान एका दमात वाचले. आता मध्ये येणारा कोणताही रुसका शब्द रुसला नाही. पोरगी त्याच्याकडे बघून नुसती हसे आणि नाव घेई. त्र्यंबकरावांनी दुसरे पान काढले, तिसरे काढले. मग खिशातून कंपनीचे पत्र काढले. त्यात एक लांबलचक शब्द अडला तेव्हा ती म्हणाली, "हा आमच्याकडे कधी आला नाही. मामा, एकदा नाव सांगा. पुन्हा विचारणार नाही." मामांनी सांगितले. चार ओळींनंतर तो शब्द पुन्हा आला, तेव्हा तिने त्याला बरोबर ओळखले.

प्रभाकरांची छाती इस्त्री केल्यासारखी ताठ झाली. जिंकलो!

त्र्यंबकराव रुमालाने मान पुसत म्हणाले, "प्रभाकर, मी हरलो. पोरगी वाचते. आणि म्हणूनच सांगतो, एवढी हुशार पोर इथं, शेणाच्या अंगणात ठेवणं पाप आहे. ट्रंक भरा."

प्रभाकर भडकले. वाचता आले नाही तर न्यायची, आणि आले तरी न्यायची? हा कुठला करार? कोणत्या कायद्यात, कोणत्या कलमात बसते हे? असा मसुदा त्यांच्या टेबलावर आला असता तर त्यांनी तो टराटरा फाडला असता! ते उठले, बसले, पुन्हा उठले. एवढा संताप एका माणसाच्या अंगात मावण्यासारखा नव्हता.

तेवढ्यात सुमती तबक घेऊन पुढे आली. निरांजनाची ज्योत तिच्या चेहऱ्यावर हलत होती. तिने भावाला कुंकू लावले. हळदीत ते नीट लागेना. ओवाळले. आणि तबक खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

"घे, लुगडं आणलंय," त्र्यंबकराव म्हणाले.

"लुगडं नको, दादा."

"मग काय?"

"श्रावणात यांच्या तोंडून एक शब्द गेला होता. तो तू दादरला नेलास. तो आज तबकात घाल." तिने तबक पुढे केले. "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

भाऊबीजेचे रिकामे तबक बहिणीला परत न्यायला लावणारा भाऊ त्या घरात जन्मला नव्हता. त्र्यंबकरावांनी बायकोकडे पाहिले. मामींनी मान खाली घातली, मग हळूच होकारार्थी हलवली.

"घातला," ते म्हणाले. "राहू दे तिला."

नंतर प्रभाकर मेहुण्याला विहिरीवर घेऊन गेले. हळद निघेना. शिकेकाई लावली, बेसन लावले, सुमतीने दिलेला अंगाचा साबण लावला. प्रभाकर पोहऱ्यावर पोहरे ओतत होते आणि मनात एक भाषण जुळवत होते. मुद्देसूद, सात कलमी. माझ्या घरी येऊन, माझ्या मुलीला, माझ्या शिऱ्यावर, इथून त्याची सुरुवात होती. मान घासता घासता ते योग्य क्षणाची वाट बघत होते.

"सोमवारी ऑफिसात काय सांगू हो, प्रभाकर?" खाली मान घालून त्र्यंबकराव म्हणाले.

"सांगा, लग्न झालं."

त्र्यंबकराव हसले नाहीत. पाणी कानांवरून निथळत होते. "आमचं घर फार शांत असतं," ते म्हणाले. "तुम्हांला कल्पना नाही किती. संध्याकाळी दार उघडलं की घड्याळ ऐकू येतं."

प्रभाकरांच्या हातातला पोहरा मध्येच थांबला. पहिले कलम ओठावर आले होते. ते तिथून खाली उतरले. मागोमाग उरलेली सहाही निमूटपणे गेली. अंगणातून हेमाचा आणि मामींचा आवाज येत होता. मामींना 'वन' म्हणजे काय ते पोरगी पिठाने लिहून दाखवत होती, आणि मामी पुन्हा पुन्हा चुकत होत्या.

"शनिवारी येत जा," प्रभाकर चिडून म्हणाले. "दोघंही. रविवारी जा परत."

"दर शनिवारी?"

"मग काय महिन्यातून एकदा? आणि मान वर करा जरा, कानामागं सगळं तसंच आहे. धड हळदसुद्धा धुता येत नाही तुम्हांला, त्र्यंबकराव, आणि म्हणे पोर सांभाळणार!"

आणि ते पुन्हा त्यांचे कान घासू लागले. आता थोडे हळू.